तीन मांजरांचं घर आणि दम्याची लेक: कोथरूडच्या रिसेल फ्लॅटच्या कामाच्या नोंदी

कोथरूडला, लेकीच्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आम्ही रिसेलमध्ये टू बीएचके घेतला. तिसरा मजला, कार्पेट ६९० चौरस फूट, दोन्ही बाजूंनी हवा. आधीच्या मालकांकडे आठ वर्षं तीन मांजरं होती, सगळी घरातच राहणारी. पहिल्या भेटीतच त्यांनी ते सांगितलं होतं, त्यामुळे फसवणूक वगैरे काही नाही. लेक अकरा वर्षांची आहे, तिला दमा आहे. स्किन प्रिक टेस्टमध्ये (ऍलर्जी करणाऱ्या पदार्थांचे थेंब कातडीवर टाकून टोचतात ती चाचणी) मांजराच्या थेंबाजवळ सगळ्यांत मोठी गांधी उठली होती, त्याखालोखाल धुळीतल्या माइट्सची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांची.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोकन दिलं नाही. काम चालू असेपर्यंत मुलीला तिथे आणायचं नाही आणि राहायला जायची तारीख आधी ठरवून टाकायची नाही, या दोन अटींवर ते हो म्हणाले. दुसरी अट महागात पडली, कारण भाड्याचं घर सोडता येईना. पण तीच अट सगळ्यांत जास्त उपयोगी ठरली.

कामाला लागण्याआधी एवढंच समजून घेतलं: त्रास केसांचा नसतो. फेल डी १ नावाचं प्रथिन मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या तेलग्रंथींत तयार होतं. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते, कोंड्याबरोबर उडते. त्यातले बरेच कण पाच मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. ते तासन्‌तास हवेत तरंगतात आणि भिंत, कापड, लाकूड, जिथे बसतील तिथे चिकटतात. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, मांजर बाहेर गेल्यावर घरातली पातळी मांजर नसलेल्या घराइतकी व्हायला बऱ्याच घरांत वीस ते चोवीस आठवडे लागले होते. जिथे गालिचे आणि गाद्यांचं फर्निचर काढलं, तिथे लवकर उतरली. आमच्या घरातून मांजरं गेली सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी. आमचे आठवडे तिथून सुरू.

१३ ऑक्टोबर २०२४

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी किल्ल्या मिळाल्या. झाडू हातात घेण्याआधी टॉर्च घेऊन घरभर फिरलो. खिडक्या बंद, दिवे बंद, टॉर्च जमिनीला आडवा धरायचा. केस जिथे दिसतात तिथे न दिसणारी धूळही आहे, असं धरून यादी केली: पडद्यांवरचे पेल्मेट (पडद्याचा दांडा झाकणारी खोकी), पंख्याच्या पात्यांची वरची बाजू, वॉर्डरोबवरचे माळे, किचन ट्रॉलींच्या मागची फट, फ्रिजची जागा, स्लायडिंग खिडक्यांची चॅनेल, दोन्ही एसी.

मालकांनी सोफा, हायड्रॉलिक बॉक्स बेड आणि पडदे व्यवहारातच दिले होते. सोफा उलटा केला. खालचं काळं कापड एका कोपऱ्यात फाटलेलं होतं. आत हात घालून बघितलं तर स्प्रिंग आणि फोमच्या मध्ये मांजराने बसून बसून गोल खळगा केलेला, त्याला करड्या केसांचं अस्तर, आणि केस उचलले की खाली पिवळसर कोंडा. हॉलमध्ये वरवर सगळं स्वच्छ होतं, वासही नव्हता. हा सोफा नुसता पुसून ठेवला असता तर पुढचं कुठलंच काम लागू पडलं नसतं.

मऊ असं काहीही ठेवायचं नाही, हे त्याच दिवशी ठरलं.

१७ ऑक्टोबर

सोफा, पडदे, बॉक्स बेड, पायपुसणी बाहेर. वस्तू हलवताना आतली धूळ घरभर उडते, म्हणून प्रत्येक वस्तू जागेवरच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टी मारून मग उचलायला लावली. हमाल आधी वैतागले, पण केलं. टेम्पो आणि हमाली ३,२०० रुपये.

सोफा आणि बेड एका मांजरं पाळणाऱ्या कुटुंबाला दिले, सगळं सांगून. ऍलर्जीचं सामान न सांगता कुणाच्या गळ्यात मारू नये.

बेडवरून घरात वाद झाला. प्लाय उत्तम होता, नवा घेतला तर पस्तीस हजारांच्या खाली नाही. नवऱ्याचं म्हणणं, पुसून पॉलिश करू. पण बॉक्सच्या आतला प्लाय कच्चा होता, त्यात मांजरं झोपत, आणि तो लेकीच्या नाकापासून एक फुटावर राहणार होता. गेला. करारात फर्निचरचे ६०,००० धरले होते, ते पैसे पाण्यात गेले. मांजर किंवा कुत्रा असलेलं घर घेत असाल तर फर्निचर व्यवहारातून आधीच वगळा.

२० ऑक्टोबर

मावशींनी सकाळी येऊन नेहमीच्या सवयीने केरसुणी फिरवली. दुपारी आम्ही पोचलो तेव्हा टॉर्चच्या झोतात अजून कण नाचत होते. कोरडा झाडू त्या दिवसापासून बंद.

मग सोसायटीतल्या एकांकडून वेट-ड्राय व्हॅक्यूम आणला. ओढायला जोरदार, पण त्याच्या मागच्या झोतासमोर टॉर्च धरला तर बारीक धूळ सरळ बाहेर फेकली जात होती. जाड कचरा पिशवीत आणि आपल्याला नको असलेली धूळ परत हवेत. यात आठवडा गेला. शेवटी हेपा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या फिल्टरचा व्हॅक्यूम घेतला, १७,५०० रुपये. घेताना नुसतं 'हेपा' लिहिलंय यावर जाऊ नका. फिल्टरच्या कडेला रबरी गॅस्केट आहे का आणि हवा दुसऱ्या कुठल्या फटीतून निसटते का, ते दुकानात चालवून बघा. फिल्टर कितीही चांगला असला तरी कडेने हवा गेली की तो नसल्यात जमा.

क्रम असा ठरला: वरून खाली, आधी व्हॅक्यूम, मग ओलं फडकं. फडकं एका घडीने एकदाच, मग घडी उलटायची. बादल्या दोन, एक साबणपाण्याची आणि एक खळबळायची. काम करणाऱ्या प्रत्येकाला एन-९५ मास्क, मावशींनासुद्धा. त्यांना मास्कचं कारण नीट सांगितलं तर त्या म्हणाल्या, त्यांच्या नातवालाही असाच दमा आहे. त्यानंतर ओल्या फडक्याच्या बाबतीत त्या माझ्याहून काटेकोर झाल्या.

२४ ऑक्टोबर

भिंती धुवायला घेतल्या आणि लगेच थांबलो. बेडरूमच्या भिंतींना डिस्टेंपर होतं. साबणपाण्याचं फडकं फिरवलं की रंगच फडक्यावर येऊ लागला, भिंतीवर चिखल. हॉलला प्लॅस्टिक इमल्शन होतं, ते व्यवस्थित धुतलं गेलं. ही परीक्षा काम ठरवण्याआधी करा: ओलं फडकं दहा वेळा घासा. रंग हाताला आला तर ती भिंत धुण्यासारखी नाही, तो थर खरवडूनच काढावा लागतो.

रंगाचे कंत्राटदार म्हणाले, "ताई, मशीन मारतो. दोन दिवसांत सगळा जुना रंग खाली."

"दादा, मशीनने ती धूळ घरभर होईल. पाणी मारून पत्र्याने खरवडायचंय."

"वेळ लागंल. मजुरी वाढंल."

वाढली. ओल्या खरवडणीचे ९,००० जास्तीचे ठरले. जुन्या डिस्टेंपरवर तसाच नवा रंग का नाही मारला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. भुसभुशीत थरावर मारलेला रंग पावसाळ्यात पोपडे धरतो, आणि पोपड्याबरोबर खालचं सगळं मोकळं होतं. धुतलेल्या, घट्ट भिंतीवर प्रायमर आणि रंगाचे दोन हात बसले की जे काही उरलंय ते आत बंद होतं. न धुता मारलेला रंग निव्वळ दिखाऊ.

२९ ऑक्टोबर

रंगाचं काम थांबलं. कारागीर बिहारचे, दिवाळी आणि पाठोपाठ छठ करून १२ नोव्हेंबरला येणार. ऑक्टोबरात काम काढणाऱ्यांनी हे धरूनच चालावं. आमच्या वेळापत्रकात ते नव्हतं.

मधल्या दिवसांत घरच्यांनी करण्यासारखी कामं काढली. पंखे उतरवून पाती धुतली. किचनच्या ट्रॉली बाहेर काढल्या. ओट्याखालच्या प्लिंथची पट्टी नुसती क्लिपवर बसलेली असते, ओढली की निघते. तिच्यामागे केस, कोंडा आणि कॅटफूडचे दाणे होते. स्विचबोर्डांच्या कडा मेन बंद करून पुसल्या. फारसं लिहिण्यासारखं काही नाही, पण वेळ खाणारं काम हेच.

ओझोन ट्रीटमेंट करून देतो म्हणून एक जण आले होते, आठ हजारांत 'घर शंभर टक्के ऍलर्जीफ्री'. नाही म्हटलं. ओझोन फुप्फुसांना झोंबणारा वायू आहे, दम्याच्या मुलाच्या घरात त्याचं काम नाही. आणि भिंतीला चिकटलेली धूळ त्याने निघतही नाही, ती पुसूनच काढावी लागते.

६ नोव्हेंबर

एसी. ही नोंद लांब आहे, कारण बहुतेक लोक इथेच कमी पडतात.

ऑक्टोबरात दोन्ही एसींची जेट सर्व्हिस करून घेतली होती, ७०० रुपये प्रत्येकी. जाळ्या धुतल्या, कॉइलवर पाण्याचा फवारा, झालं. आज सहज हवेच्या तोंडातून टॉर्च मारून आत बघितलं. आत जो लांब दंडगोल फिरतो, ब्लोअर, त्याच्या प्रत्येक पातीच्या आतल्या बाजूला करड्या रंगाचा नमद्यासारखा थर जमलेला होता. टूथपिकने थोडा खरवडला तर एक सलग पट्टी सुटून आली: धूळ, ओलाव्याने घट्ट झालेला कोंडा आणि आडवेतिडवे बारीक केस. घरातली सगळी हवा उन्हाळ्यातल्या प्रत्येक रात्री याच पात्यांवरून फिरत होती. समोरून मारलेला जेट या आतल्या बाजूला पोचतच नाही.

दुसरे मेकॅनिक बोलावले. त्यांना आधीच सांगितलं की ब्लोअर बाहेर काढून धुवायचा आहे, ड्रेन ट्रेसुद्धा. एका युनिटचे २,४००. ब्लोअर गच्चीवर नेऊन कॉइल क्लीनर आणि ब्रशने धुतला, पाणी पहिल्यांदा काळं आलं, मग राखाडी, मग स्वच्छ. ट्रेमध्ये बोटभर गाळ होता. युनिटमागची भिंत रंगवायला मोकळी मिळाली, म्हणून इनडोअर युनिट रंग होईपर्यंत उतरवूनच ठेवले. एसी रंगाच्या आधी उतरवा, धुवा, रंगानंतर चढवा. आधीच्या सर्व्हिसचे १,४०० वाया गेले.

१३ नोव्हेंबर

कारागीर परत आले. एक खोली पूर्ण करून, दार प्लॅस्टिकने बंद करून मगच दुसरी. पाणी मारून खरवडणं, भिंत धुणं, एक दिवस वाळू देणं, प्रायमर, लांबी (पुट्टी), पॉलिशपेपर, पुन्हा प्रायमर, रंगाचे दोन हात. लांबी घासताना पांढरी धूळ भरपूर होते, पण ती मांजराची नाही. छतही यात धरा. हलके कण पंख्याच्या वाऱ्याने छतालाही चिकटतात, आणि धुण्याच्या बाबतीत छत सगळे विसरतात.

कमी वासाचा पाण्यावरचा रंग घेतला. दम्याला मांजर जितकं वाईट, तितकाच टर्पेंटाइनचा वास.

२६ नोव्हेंबर

रंग झाला, ६८,००० रुपये, खरवडणी धरून.

वॉर्डरोब दोन, भिंतीत बसवलेले, बाहेरून सनमायका आणि आतून कच्चा प्लाय. कच्चा प्लाय म्हणजे धुळीसाठी कापडच. तीनदा पुसूनही फडकं तपकिरी येत होतं. सुतारकाका म्हणाले, पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) मारा, काचेसारखं होईल. होईल, पण त्याचा वास आठवडे राहतो आणि त्याच कपाटात मुलीचे कपडे जाणार. मग व्हॅक्यूम, ओलं फडकं, दोन दिवस पंखा लावून सुकवणं, आणि पाण्यावरच्या इनॅमलचे दोन हात, असं केलं. माळ्यांनाही तेच. १३,५०० रुपये. दारं पंधरा दिवस उघडी ठेवली.

प्लायच्या कापलेल्या कडा आणि बिजागऱ्यांची भोकं राहून जातात, तिथे ब्रश वेगळा फिरवायला लावा.

३० नोव्हेंबर

ड्राय बाल्कनीच्या कोपऱ्यात ऊन पडलं की उग्र वास येत होता. तिथे लिटर ट्रे असायचा. यूव्ही टॉर्च मागवला, अंधारात लघवीचे डाग पिवळट चमकतात म्हणून. पण सगळी फरशीच निळसर चमकली. कारण आम्ही ती धुण्याच्या पावडरीने धुतली होती, आणि पावडरीत कपडे पांढरे दिसावेत म्हणून घातलेले घटक यूव्हीखाली चमकतात. यूव्ही तपासणी धुण्याच्या आधी करायची, किंवा फरशी साध्या भांड्यांच्या लिक्विडने धुवायची. दोनदा साध्या पाण्याने धुतल्यावर डाग वेगळे दिसले, टाइल्सच्या सांध्यांमध्ये आणि स्कर्टिंगखाली.

सांध्यांतलं सिमेंट खरवडून काढलं. एन्झाइम क्लीनर (लघवीतले घटक तोडणारं द्रावण) ओतून वर ओलं फडकं टाकून रात्रभर ठेवलं, सुकला की त्याचं काम थांबतं. असं वास जाईपर्यंत. मग इपॉक्सी ग्राउट. त्या कोपऱ्यात आधी फिनेल पडलं असेल तर भरपूर पाण्याने धुऊन मग एन्झाइम वापरा, नाहीतर एन्झाइम बाद होतात. आणि लघवीच्या जागी ब्लीच कधीही नाही. अमोनियाशी मिळून त्याचा जो वायू होतो तो धडधाकट माणसाचाही श्वास कोंडतो.

७ डिसेंबर

पहिली परीक्षा. धुळीतलं ऍलर्जन मोजायची सोय आमच्या हाताशी नव्हती. पीएम २.५ चं, म्हणजे हवेतले बारीक कण मोजणारं मीटर होतं, पण पुण्याच्या थंडीतला धूर आणि बांधकामांची धूळ त्यात एवढी येते की मांजराचं काही कळत नाही. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकर किती जोराची ते मोजणारी नळी. लेकीची सर्वोत्तम फुंकर २९०. तिच्या ८० टक्के, म्हणजे २३२ च्या वर हिरवा पट्टा, म्हणजे दमा आटोक्यात. आधीचे पंधरा दिवस भाड्याच्या घरी सकाळ-संध्याकाळ आकडे लिहून ठेवले, २७० ते २९० मध्ये राहत होते. तुलनेला हे हवंच, नाहीतर एका आकड्याचा अर्थ लागत नाही.

दुपारी तिला घेऊन गेलो, सोबत इनहेलर आणि स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी). पहिला तास ती खोल्यांतून धावत होती, कुठे टेबल आणि कुठे पुस्तकं ते ठरवत होती. मग डोळे चोळायला लागली. संध्याकाळी आकडा २२५. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे औषध दिलं आणि तिथून निघालो. तासाभरात २६५.

गाडीत ती म्हणाली, "आई, ते घर विकणार का आता?" नाही म्हटलं. घरी आल्यावर यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

९ डिसेंबर

काय राहिलं? ती कुठे बसली होती, तिथून सुरुवात केली. बेडरूमच्या खिडकीच्या कट्ट्यावर. तीच मांजरांची आवडती जागा, सकाळचं ऊन येतं म्हणून. कट्टा ग्रॅनाइटचा, धुतलेला. पण स्लायडिंग खिडकीच्या शटरला दोन्ही बाजूंनी लोकरीसारख्या तंतूंची बारीक पट्टी असते, फटीतून वारा येऊ नये म्हणून. ती घरातली शेवटची कापडी वस्तू होती आणि आम्ही तिला खिडकीचा भाग समजून सोडून दिलं होतं. चिमट्याने दोन इंच ओढली, तंतूंत केस विणल्यासारखे बसलेले. डासांच्या जाळीच्या रबरी कडेतही तेच.

सगळ्या पट्ट्या आणि जाळ्या बदलल्या, ६,२०० रुपये. शटर खाली उतरवून चॅनेल जेटने धुतली. त्याबरोबर पेल्मेटच्या पोकळ खोक्यांचा वरचा भाग उघडला, तिथला गाळ काढून खोकीच काढून टाकली. बाथरूमचे एक्झॉस्टही धुतले. नेमका गुन्हेगार कोण हे छातीठोकपणे सांगता येणार नाही, कारण तिन्ही कामं एकाच आठवड्यात केली. माझा संशय खिडकीवर आहे.

१५ डिसेंबर

पुन्हा दुपार ते संध्याकाळ. निघताना २७०. डोळे ठीक.

२८ डिसेंबर

नवी गादी, नव्या उश्या, झिपवाली माइट-प्रूफ कव्हरं, एक प्युरिफायर. पहिली रात्र. सकाळी २६५, नाक थोडं बंद.

प्युरिफायरचं गणित: तिची खोली १२ बाय ११, उंची साडेनऊ फूट, म्हणजे साधारण ३५ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर १७५ घनमीटरचा सीएडीआर, म्हणजे तासाला गाळून मिळणाऱ्या स्वच्छ हवेचा आकडा, लागतो. खोक्यावर लिहिलेला आकडा सर्वांत मोठ्या वेगाचा असतो, त्या आवाजात मूल झोपत नाही. रात्रीच्या हळू वेगात तो निम्म्याच्याही खाली येऊ शकतो. म्हणून जवळपास दुप्पट क्षमतेचा घेऊन मधल्या वेगावर चालवतो. दोन नग, एक तिच्या खोलीत आणि एक हॉलमध्ये, २४,०००. प्युरिफायर तरंगणारे कण पकडतो, गादीत किंवा सोफ्यात बसलेले नाही. म्हणून तो सगळ्यात शेवटी घ्या.

आपण आता राहायला जाऊ, असं नवऱ्याचं मत. सासूबाई म्हणाल्या, दोन दिवसांनी अमावास्या, मग पौष लागतो, वास्तू माघात करू. आणखी एक भाडं, २४,०००. मला ते मनापासून पटलं, कारण मांजरं जाऊन तेरा आठवडेच झाले होते. पूर्ण जानेवारी घर रोज उघडलं, दोन्ही बाजूंच्या खिडक्या सताड, आणि मावशींनी आठवड्यातून दोनदा सगळ्या आडव्या जागा ओल्याने पुसल्या.

२ फेब्रुवारी २०२५

गणेश जयंतीच्या दुसऱ्या दिवशी वास्तू करून राहायला आलो. अठरावा आठवडा. हॉलमध्ये सोफा घेतला नाही. लाकडी दिवाण आणि वेताच्या खुर्च्या, गाद्यांची कव्हरं काढून धुता येतील अशी. पडद्यांऐवजी ब्लाइंड्स, ओल्या फडक्याने पुसता येणाऱ्या.

होमाचा धूर होऊ नये म्हणून गुरुजींना आधी विचारलं. त्यांनी होम बाल्कनीत लहान केला आणि लेक तेवढा वेळ शेजारी बसली.

१७ फेब्रुवारी

रात्री दोन वाजता खोकला, आकडा २३०. पंधरा दिवस २७५ च्या खाली काही नव्हतं. दिवसभर काय झालं ते आठवलं: संध्याकाळी लेकीची मैत्रीण आली होती, दोघी तिच्या पलंगावर लोळत अभ्यास करत होत्या. मैत्रिणीकडे दोन मांजरं आहेत. कपड्यांवरून हे प्रथिन शाळेत, रिक्षेत, सगळीकडे फिरतं. चादर, उशांचे अभ्रे आणि लेकीचे कपडे धुतले. मांजराचं ऍलर्जन साध्या धुण्यातही बरंच निघतं, माइट्ससाठी मात्र ६० अंशांचं पाणी लागतं, म्हणून चादरी गरम पाण्यातच लावतो.

त्या मुलीला किंवा तिच्या आईला वाईट वाटेल असं काही करायचं नव्हतं. आता सगळ्याच मैत्रिणी हॉलमध्ये दिवाणावर बसतात, पलंग फक्त लेकीचा. हा नियम लेकीने स्वतः सांगितला. आम्ही दोघंही ऑफिसातून आल्यावर तिच्या खोलीत जाण्याआधी कपडे बदलतो.

३० मार्च

गुढीपाडवा. सव्वीस आठवडे झाले. महिनाभराचे सकाळचे आकडे २८० ते २९५, म्हणजे तिची सर्वोत्तम फुंकरसुद्धा थोडी वर सरकली. रोजचं प्रतिबंधक औषध डॉक्टरांनी तसंच चालू ठेवलंय. घर चांगलं झालं म्हणून औषध आपल्या मनाने कमी करायचं नाही, हे त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: टेम्पो ३,२००, व्हॅक्यूम १७,५००, रंग ६८,०००, एसीचे दोन्ही वेळचे मिळून ६,२००, वॉर्डरोब १३,५००, जाळ्या आणि पट्ट्या ६,२००, एन्झाइम आणि यूव्ही टॉर्च २,३००, प्युरिफायर २४,०००, कव्हरं ५,६००. एकूण १,४६,५००. रंग कुठल्याही रिसेल घराला लागलाच असता. फर्निचरचे ६०,००० आणि चार महिन्यांचं भाडं ९६,००० यात धरलेलं नाही, आणि खरा चटका त्यांचाच आहे. घराचा भाव ठरवताना हे धरून बोला. विकणाऱ्याकडून सवलत मागायला लाजायचं कारण नाही.

पुन्हा करायचं झालं तर एसी आणि खिडक्यांच्या पट्ट्या पहिल्याच आठवड्यात काढीन, आणि दिवाळीच्या तोंडावर रंग काढणार नाही.

१९ एप्रिल

एसी आता रोज चालू झाले. लावण्याआधी दोन्ही ब्लोअर टॉर्चने पाहिले, पाती स्वच्छ. जाळ्या दर पंधरा दिवसांनी धुतो. हॉलच्या प्युरिफायरचा फिल्टर जूनमध्ये बदलायचा आहे. खालच्या पार्किंगमध्ये वॉचमनकाका भटक्या मांजरांना दूध घालतात, त्यातलं एक जिन्याने तिसऱ्या मजल्यापर्यंत येऊन आमच्या दारातल्या पायपुसण्यावर झोपतं. पायपुसणं काढून रबरी मॅट टाकली आहे, ती रोज धुतली जाते. काकांशी बोलणं झालंय, दुधाची वाटी आता जिन्यापासून लांब, मागच्या गेटपाशी ठेवतात.